तडी

पुण्याहून एका लेखकाचा फोन आला. आवाजात थोडी नाराजी, थोडी काळजी. "मॅडम, तुम्ही समासात ठिकठिकाणी 'तडी' लिहिलंय. सतरा वेळा. मोजलं मी. हे सगळं तडीस न्यायचं म्हणजे नक्की काय करू? प्रसंग वाढवू का?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि हसू आलं, ते मी गिळलं. कादंबरी संपादकाकडे देऊन बसलेल्या माणसाला फोनवर हसू ऐकवू नये. त्याला वाटतं, आपल्यालाच हसतेय.

"अहो, तडीस नेण्यातली ती तडी नव्हे," मी म्हटलं. "ही कानडी तडी. तडी म्हणजे थांब."

"म्हणजे मी थांबू?"

"तुम्ही नाही. मी थांबलेय."

पलीकडे जरा शांतता. मग तो "बरं" म्हणाला, आणि त्या 'बरं'मध्ये बेळगावच्या बाईकडे काम दिल्याचा पश्चात्ताप मला स्वच्छ ऐकू आला.

खूण तशी साधी आहे. वाचताना एखादा परिच्छेद, एखादं पात्र, कधी नुसतं एखादं वाक्य इथं कशाला आलंय ते कळत नाही. हात शिवशिवतो, काट मारावीशी वाटते. तिथं मी शिसपेन्सिलीनं 'तडी' लिहिते आणि पुढं जाते. पुस्तक संपल्यावर परत आले की सतरापैकी बऱ्याच तड्या खोडरबरानं पुसल्या जातात. उरतात त्यांना कात्री. त्या लेखकाकडे न पुसलेली प्रत गेली होती, ती चूक माझी.

हा शब्द मला पुस्तकांच्या धंद्यात नाही, बागेत मिळाला. संपादन करायला लागण्याआधी बारा वर्षं मी बागकामात होते. हौस म्हणून नव्हे, पगारावर. बी.एस्सी. झाल्यावर खानापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत हिशेब लिहायला लागले आणि वर्षभरात वहीपेक्षा वाफ्यांत जास्त दिसायला लागले. बेळगाव अडीच हजार फुटांवरचं गाव. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही. इथं मृगाच्या आधी वळीव दोन-तीनदा झोडपून जातो आणि आषाढ-श्रावणात वाळत घातलेलं फडकं चार-चार दिवस वाळत नाही. अशा हवेत काहीही लावा, उगवतं. म्हणून तर इथले माळी लावण्यापेक्षा न लावण्याबद्दल जास्त बोलतात.

आमच्या रोपवाटिकेकडे कॅम्पातल्या काही जुन्या बंगल्यांच्या बागा असायच्या. तिथं मामा काम करायचे. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. मूळचे बैलहोंगलकडचे, काळ्या रानातले. घरात कानडी, कामावर मराठी, झाडांशी दोन्ही. मला ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. मामानं भाचीला बहीण म्हणावं हे नातं दोन्ही भाषांत बसत नाही, पण आमच्या गावात ते कुणाला कधी खटकलं नाही.

त्यांचा एक हट्ट होता. नवी बाग हातात आली की वर्ष उलटून एक पावसाळा सरेपर्यंत तिथं कुदळ नाही, कात्री नाही. केर काढा, पाणी घाला, बघा. मी काही करायला धावले की लांबूनच हाक यायची, "तडी तंगी, तडी." मला तो आळशीपणा वाटायचा. तिशीच्या आतल्या माणसाला थांबणं हे काम वाटतच नाही.

एका ऑक्टोबरात आमच्याकडे एक बंगला आला. मंगलोरी कौलं, पुढं पोर्च, कुंपणाला सिल्व्हर ओक, आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघराच्या पायरीपासून विहिरीपर्यंत एक लांबट वाफा. ऑक्टोबरात त्यात हळदीसारखी पिवळी पडत चाललेली पानं होती. जानेवारीपर्यंत तीही गेली, उरली मोकळी माती. बंगल्याच्या आजी मुलाकडे गेलेल्या, उन्हाळ्यात येणार होत्या. मामा ज्वारीच्या सुगीला गावाकडे. माझ्या डोक्यात योजना तयार झाली, की आजी येतील तेव्हा त्या ओसाड वाफ्यात गुलाब उभे असतील.

दोन गडी घेतले आणि वाफा दीड फूट खणला. खणताना आल्यासारखे कंद लागले, त्यांच्या मुळ्यांना लोंबणाऱ्या गाठी. कुदळीखाली चिरडले की आल्या-कापरासारखा वास यायचा. कुणीतरी कधीकाळी लावलेली आंबेहळद असेल, असं मी ठरवून टाकलं. घमेल्यांनी उचलून सगळं उकिरड्यावर. मग शेणखत, हाडांचा चुरा, बारा कलमं, आळी. संध्याकाळी पायरीवर उभी राहून बघितलं तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. तो अभिमान मला आजही जसाच्या तसा आठवतो, म्हणून सांगतेय.

आजी एप्रिलच्या सुरुवातीला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काठी टेकत मागच्या पायरीवर येऊन बसल्या. गुलाबांवर कळ्या होत्या. "छान केलंस हो," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. चौथ्या दिवशीही. माझ्या लक्षात आलं की त्या गुलाबांकडे बघतच नाहीत, गुलाबांच्या बुंध्याशी मातीकडे बघतायत. काय शोधताय विचारलं तर "काही नाही गं" म्हणाल्या. आठवड्यानं मामा आले. त्यांनी वाफा बघितला, डोक्याचा टॉवेल सोडून हातात घेतला आणि म्हणाले, "भुईचाफा होता की."

भुईचाफा ज्यानं बघितला नाही त्याला तो सांगून खरा वाटत नाही. पावसाळ्यात नुसती पानं असतात, हळदीच्या घरातलीच. थंडीत ती मरतात आणि जागा काही महिने रिकामी दिसते. मग ऐन उन्हाळ्यात, पान नाही, दांडा नाही, फांदी नाही, सरळ भुईतून फूल वर येतं. पांढरं, आत जांभळी झाक, कुणी येऊन मातीवर अलगद ठेवल्यासारखं. वास मंद. सकाळी उमलतं, दुपारच्या उन्हात मलूल होतं. म्हणून सकाळी सहाला. आजींच्या सासूबाईंनी लावलेला वाफा होता तो. आजी लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात त्या पायरीवर बसत होत्या.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. उकिरड्याकडे गेले आणि हातानं उकरायला लागले. तासाभरात तीन तुकडे निघाले, शेणाच्या उबेत कोंब धरलेले. दोन विहिरीजवळ लावले. तिसरा माझ्या हातावर ठेवला. "तुझ्याकडं ठेव. सुम्न नोडु." नुसतं बघत राहा.

तो तुकडा मी घरी नेऊन तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावला. डबा दोनदा बदलला, कंद तोच आहे.

बागेतून पुस्तकांत मी कशी आले हे लोक विचारतात, तेव्हा मला सांगण्यासारखं फारसं सापडत नाही. रोपवाटिकेत रोपांच्या पाट्या मीच लिहायचे, मराठी आणि कानडी दोन्ही. गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय, जे दीडशे वर्षांहून जुनं आहे, तिथं संध्याकाळी जाऊन बसायचे. आमच्या भागात भात काढून झालं, मळणी उरकली की गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी जेवणानंतर कथाकथन आणि पेंगणारे श्रोते, शेवटी कविसंमेलन. १९४६ साली बेळगावातच अखिल भारतीय संमेलन भरलं आणि तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ही गोष्ट इथल्या पोरांना शाळेच्या पुस्तकात यायच्या आधी आजोबांकडून कळते. त्यामुळे भाताच्या खळ्यावर संमेलन भरवण्यात कुणालाच नवल वाटत नाही. अशाच एका गावच्या स्मरणिकेची प्रुफं माझ्याकडे आली. कारण काय, तर "पाट्यांवर तुझ्या चुका नसतात." तिथून कथा, कथांतून दिवाळी अंक, मग कादंबऱ्या. गुडघे दुखायला लागले तेव्हा वाफे सोडले आणि टेबलाशी बसले. इतकंच.

एक फरक मात्र लगेच कळला. रोपवाटिकेत गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा बाग बघून द्या," आणि त्याला सगळं अभिप्रेत असायचं. माती, पाणी, छाटणी, कीड. लेखक म्हणतो, "जरा शुद्धलेखन बघून द्या," आणि त्यालाही सगळंच हवं असतं, फक्त ते त्याला ठाऊक नसतं. कथानकाची रचना बघणं वेगळं, वाक्यावरून हात फिरवणं वेगळं, छापायच्या आधीचं मुद्रितशोधन वेगळं. आपल्याकडे या तिन्हींना मिळून 'प्रुफं तपासणे' म्हणतात आणि पैसे शेवटच्या कामाचे देतात. तेही कलमं उधार नेणाऱ्या गिऱ्हाइकासारखे, जगलं तर देऊ. यावर मी जास्त बोलणार नाही. रक्तदाब वाढतो.

आता निपाणीची गोष्ट सांगते, कारण ती टाळून पुढं जाता येणार नाही.

लेखिका निपाणीचीच, पहिली कादंबरी. तंबाखूच्या वखारी, घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका, आणि मध्यभागी १९८१चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन, शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं, महामार्ग अडवून बसलेली माणसं. ताकदीचं लिखाण होतं. ती प्रकरण लिहून झालं की ईमेलनं पाठवायची, मी आलं तसं संपादून परत करायचे. दोघींना वाटत होतं, किती छान चाललंय.

दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद होता. आजी विड्या मोजतेय. मजुरी हजार विड्यांवर, जुडी पंचविसाची. आजी ओठांत पुटपुटत मोजते, पंचविसाला थांबते, अंगठा तर्जनीवर चोळते, पुन्हा एकपासून सुरू. दहा-बारा ओळींचं वर्णन, पुढं-मागं काही घडत नाही. मी शेजारी लिहिलं, 'सुंदर, पण गती अडते. काढूया?' लेखिकेनं काढला. नव्या लेखकांचं हे फार वाईट असतं, 'काढूया?' ला ते प्रश्न समजत नाहीत.

शेवटचं प्रकरण चार महिन्यांनी आलं. त्यात नात दवाखान्यात आजीच्या उशाशी बसलीय. सलाईनचे थेंब मोजतेय. पंचविसाला थांबते, अंगठा तर्जनीवर चोळते, पुन्हा एकपासून. तिथं मी काय लिहिलं माहितेय? 'वा!' चार महिन्यांत पन्नास इतर पानं डोळ्यांखालून गेली होती आणि दुसऱ्या प्रकरणातली माझीच कुदळ मी विसरले होते. कुठंतरी ओळखीचं वाटलं, म्हणून तर 'वा' आलं असेल.

पुस्तक छापून आलं. वाचनालयातल्या एका काकांनी मला जिन्यात गाठलं. "तुमचं नाव बघितलं हो पुस्तकात. चांगलंय. पण ती पोरगी शेवटी बोट का चोळते सारखं? काही आजार आहे काय तिला?"

मी जिन्यातच बसले. घरी येऊन जुनी फाईल उघडली. मग लेखिकेला फोन केला आणि सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं ताई. पण म्हटलं, तुम्ही संपादक." त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. निघेल तेव्हा दहा-बारा ओळी परत जातील. माझ्या टेबलाच्या खणात त्या कागदावर लिहून ठेवल्यात.

तेव्हापासून मी तुकड्यातुकड्यानं हस्तलिखित घेत नाही. लिहून पुरं करा, मग या. आणि पहिल्या वाचनात माझ्या पेन्सिलीला एकच शब्द लिहायची परवानगी आहे.

लेखकांना वाटतं, बागकामवाली बाई म्हणजे छाटणीवाली बाई. खरं तर छाटणी हे वर्षातलं पंधरा दिवसांचं काम. गुलाबाची मुख्य छाटणी आमच्याकडे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. बाहेर तोंड केलेला डोळा शोधायचा, त्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा, झालं. दीड महिन्यात फुलं. बाकीचे साडेअकरा महिने भलतीच कामं असतात, आणि कादंबरीत तीच जास्त उपयोगी पडतात.

उदाहरणार्थ रताळी. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत रताळी चांगली येतात, नवरात्रात आणि एकादशीला इथून पोतीच्या पोती बाहेर जातात. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो आणि जिथं पेर टेकेल तिथं मुळ्या धरतो. बघायला हिरवंगार, शेजारी जळेल असं रान. पण वेल मधूनमधून उचलून परतला नाही, तर तो जागोजाग मुळ्या रोवत बसतो आणि मुख्य बुडातले कंद बोटाएवढे राहतात. वेल कापायचा नसतो. नुसता उचलायचा, नव्या मुळ्या सुटू द्यायच्या, आणि परत ठेवायचा. मला येणाऱ्या दहातल्या सात कादंबऱ्यांचं दुखणं हेच असतं. नायकाच्या मावशीचा दीर येतो, दोन पानांत त्याला बालपण फुटतं, मग त्याचं प्रेमप्रकरण. लेखकाला सांगायचं, दीर राहू दे. बालपण उचला. तो दारात येऊन जे बोलायचंय ते बोलेल आणि त्याचं सगळं पाणी मावशीकडे जाईल. माणूस मरत नाही. लेखकही सहसा ऐकतो, कारण 'काढा' म्हटलेलं नसतं.

दुसरा लव्हाळा. लव्हाळा उपटून जात नाही हे बांधावरच्या पोरालाही ठाऊक असतं, पण का जात नाही ते मामांनी एकदा माती हळूहळू बाजूला करून दाखवलं. खाली गाठींची माळ असते. वरची गाठ फुटलेली, खालच्या झोपलेल्या. वरचं हिरवं उपटलं की माळ तुटते आणि झोपलेल्या सगळ्या जाग्या होतात. म्हणजे आपणच एकाचे चार करतो. एका लेखकाला 'जणू'चं व्यसन होतं. पानाला चार-पाच. मी सगळे उपटले. पुढच्या खर्ड्यात 'जसं काही', 'वाटावं असं', 'भासलं' आणि एक अतिशय केविलवाणं 'गोया' उगवलं. गाठ खाली होती. त्याचा आपल्या नामांवर विश्वास नव्हता. नुसतं 'चिंचेचं झाड' लिहिलं तर ते उभं राहील असं त्याला वाटतच नव्हतं. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, वर दाट पीक धरलं की तो मागं हटतो. म्हणून त्याला म्हटलं, 'जणू'कडे बघू नका, चिंचेकडे बघा. किती जुनी, कुणाच्या दारातली, खाली काय पडलंय. तीन महिन्यांनी खर्डा आला, त्यात सहा 'जणू' होते. सहा चालतात.

(तणांवरून आठवलं. बेळगाव शहरात कुंदा म्हटलं की मिठाई, परगावच्या माणसाला बांधून द्यायची. पूर्वेकडच्या काळ्या रानात कुंदा म्हटलं की चिवट तण आणि शेतकऱ्याच्या कपाळाला आठी. एका कथेत 'आबांनी कुंदा बघितला आणि त्यांचं तोंड कडू झालं' असं वाक्य होतं. शहरातल्या एका वाचकानं मला कळवळून विचारलं होतं, नासका होता का?)

आणि जिथं बागकाम उपयोगी पडत नाही तेही सांगायला हवं. काही प्रकाशक म्हणतात, "दोन फॉर्म कमी करा." सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे बत्तीस पानं. कुठली, ते तुम्ही बघा. ही छाटणी नव्हे, भिंतीच्या मापात मेंदी कापणं आहे. मी करते, पोट आहे. पण बागेशी त्याचा संबंध जोडत नाही.

बोलीच्या बाबतीत तर बाग चक्क वाट चुकवते. गुलाबाचं कलम म्हणजे रानटी खुंटावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा. खुंटातून फुटवा आला की तो तिथंच मोडायचा, नाही तर खुंट माजतो, वरचा डोळा मरतो. रोपवाटिकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. आता प्रमाण मराठी म्हणजे वरचा डोळा आणि बोली म्हणजे खुंट अशी मांडणी मनात बसली, की पुढचं हात आपोआप करतो. खालून फुटलं, काप. मीही सुरुवातीला केलंय. सीमाभागातला माणूस तर जरा जास्तच करतो. आपलं मराठी कुणी कमी म्हणू नये म्हणून तो आधी स्वतःच ते धुऊन, इस्त्री करून आणतो.

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकाची कादंबरी माझ्याकडे आली ती दुसरीकडून मुद्रितशोधन होऊन. त्यातल्या सगळ्या बायका 'मी येते, मी जाते' बोलत होत्या. काही केल्या मला त्या दिसेनात. आमच्याकडे, बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूला, पुष्कळ बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' असंच बोलतात. मीही बोलते. हा लेख लिहिताना 'करते, जाते' लिहितेय खरी, पण आईला फोनवर 'ठेवतो गं आई, उद्या करतो' असंच म्हणते. शिक्षकाला विचारलं, तर मूळ खर्ड्यात 'येतो'च होतं. त्या मुद्रितशोधकानं संगणकावर एका झटक्यात बदलून टाकलं होतं. इतकं प्रामाणिकपणे की एका प्रकरणात बापही पोरीला म्हणत होता, "तू हो पुढं, मी बाजारातून येते." तो बाप मला फार आवडला, पण त्याला परत पुरुष करावं लागलं.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे वाढीव चार, मी निवेदनात काटेकोर पाळते. ऱ्हस्व-दीर्घावरून लेखकांशी भांडते. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये येताना 'दुसऱ्या'तला र मोडतो, त्यानं माझी झोप उडते. पण पात्राच्या तोंडातलं वाक्य नियमाच्या नव्हे, पात्राच्या मालकीचं असतं. तिथं कानडी शब्द आला तर मी कंसात अर्थ देऊ देत नाही. रोपाला काठी बांधतात ती वाऱ्यात टिकावं म्हणून, पण घट्ट बांधून वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर बुंधा बारीक राहतो आणि काठी काढली की झाड आडवं होतं. दोन-तीनदा शब्द आला की वाचकाला कळतो. नाही कळला तर पुण्याहून फोन येतो.

गावाच्या नावाचंही तसंच. २०१४च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी आहे. कथा १९८१मधली असेल तर प्रश्न नाही, मराठीत सगळेच बेळगाव म्हणणार. कथा आजची असेल तर मी लेखकाला विचारते, कोण बोलतंय? स्टेशनवरची घोषणा बेळगावी म्हणेल. गल्लीतला माणूस बेळगाव म्हणेल. माझे मामा घरात बोलताना बेळगावी म्हणायचे, मला सांगताना बेळगाव, आणि नावं बदलायच्या कितीतरी आधीपासून. एका लेखकानं यावर वैतागून लिहिलं होतं, 'एक काहीतरी ठरवा आणि सगळीकडे सारखं करा.' मी समासात तडी लिहून ठेवलं. ती तडी मात्र मी कधीच पुसली नाही.

मामा आता गावीच असतात. डोळ्यांना कमी दिसतं. मागच्या वर्षी भेटायला गेले तेव्हा दाराशी कढीपत्ता होता आणि त्याच्या बुंध्याभोवती पोरांनी पेव्हर ब्लॉक बसवले होते. मामा म्हणाले, "बघतो अजून एक पावसाळा. मग ब्लॉक काढतो." पोरांना हे सांगितलेलं नव्हतं.

सध्या टेबलावर चंदगड भागातली एक कादंबरी आहे. तिसऱ्या प्रकरणात एक माणूस येतो, अंगणात उभा राहून पाणी मागतो, पितो आणि जातो. नाव नाही. नंतर त्याचा उल्लेख नाही. पेन्सिलीनं तडी लिहून मी चौदाव्या प्रकरणापर्यंत आलेय, अजून तो परत आलेला नाही. एकूण एकवीस आहेत.

फेब्रुवारी चाललाय. भुईचाफ्याचा डबा गॅलरीच्या कोपऱ्यात आहे, वर भेगाळलेली माती, एक वाळलेलं पान. काल शेजारच्या काकू कपडे वाळत घालताना त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हा डबा रिकामाच हाय न्हवं गं? दे की. कोथिंबीर टाकतो त्यात."

"तडी काकू," मी म्हटलं.